दिवा मंद झाला, हे मलाही दिसलं!

तुमच्या बाबतीत असं कधी झालंय का? कपाटाची किल्ली नेहमीच्या जागी ठेवल्याचं तुम्हाला पक्कं आठवतंय, पण ती तिथे नाही. घरातलं कुणीतरी म्हणतं, "हल्ली तुझ्या काही लक्षात राहत नाही." एकदा झालं तर आपण हसून सोडून देतो. पण हेच वाक्य रोज, तेही अगदी काळजीच्या सुरात ऐकू येऊ लागलं तर?

याच प्रश्नावर 1944 साली हॉलिवूडमध्ये 'गॅसलाइट' हा चित्रपट आला. जॉर्ज क्युकर यांचं दिग्दर्शन, नायिका इन्ग्रिड बर्गमन आणि तिच्या नवऱ्याच्या भूमिकेत चार्ल्स बॉयर. मूळ गोष्ट पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या 1938 सालच्या नाटकाची. बर्गमनला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. (पुढे चित्रपटांचे शेवटही सांगितले आहेत. आधी पाहायचे असतील तर लेख नंतर वाचा!)

नवरा करतो तरी काय?

पॉलाचा नवरा ग्रेगरी तिच्यावर हात उगारत नाही. तो तिला एक ब्रोच भेट देतो, "तू वस्तू हरवतेस, जपून ठेव" असं बजावतो आणि गुपचूप काढून घेतो. भिंतीवरचं चित्र गायब होतं, आरोप तिच्यावर येतो. एका मैफलीत तो स्वतःचं घड्याळ तिच्या पर्समधून बाहेर काढतो आणि ती चारचौघांत रडू लागते. तिला बरं नाही, असं सांगून तो तिच्या गाठीभेटी बंद करतो.

रोज संध्याकाळी तो बाहेर पडला, की घरातले गॅसचे दिवे मंद होतात आणि माळ्यावर पावलं वाजतात. पॉलाला वाटतं, आपल्याला भास होतोय. खरं कारण साधं आहे. नवराच मागच्या वाटेने माळ्यावर जाऊन पॉलाच्या खून झालेल्या मावशीचे दागिने शोधत असतो. तिथला दिवा लावला, की गॅस विभागला जातो आणि खालचे दिवे मंदावतात.

पॉला वाचते कशी? एक पोलीस अधिकारी घरी येतो. त्याच वेळी दिवा मंद होतो आणि तोही त्याला दिसतो. बस्स, एवढंच! "हे मलाही दिसलं" असं म्हणणारं दुसरं माणूस भेटतं आणि आपण वेड्या नाही, हे पॉलाला कळतं.

याच गोष्टीवरून 'गॅसलायटिंग' हा शब्द रुळला. 2022 साली मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला.

राजाजीनगरातल्या अज्जी

बंगळूरच्या राजाजीनगरमध्ये, नवरंग थिएटरपासून जवळच आम्ही राहतो. शेजारच्या कन्नड अज्जी रविवारी दुपारी आमच्याकडे येतात. इंग्रजी त्यांना फारसं कळत नाही, तरी 'गॅसलाइट' त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. मी मधे मधे सांगत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "या बाईला एक माणूस तरी भेटला. आमच्या कावेरीला कुणीच भेटलं नाही."

कावेरी म्हणजे 'शरपंजर' या कन्नड चित्रपटाची नायिका. भीष्मांमुळे हा शब्द आपल्याही ओळखीचा आहे. त्रिवेणी यांच्या कादंबरीवरून पुट्टण्णा कणगाल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हा चित्रपट केला. कल्पना या अभिनेत्रीची कावेरी कर्नाटकातल्या घराघरांत माहीत आहे. सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

कावेरीचा संसार सुखाचा आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं मानसिक आरोग्य बिघडतं. ती मनोरुग्णालयात उपचार घेऊन बरी होऊन परत येते. पण घर तिला बरी मानत नाही. ती हसली तरी संशय, चिडली तरी संशय. दरम्यान नवऱ्याचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध जुळलेले असतात. शेवटी कावेरी कोलमडते आणि पुन्हा रुग्णालयात जाते.

इथे दागिने चोरणारा खलनायक नाही. कावेरीचा आजारही खरा होता. पण आजार होऊन गेला म्हणून तिचा प्रत्येक शब्द खोटा ठरत नाही. तिच्या घराने नेमकी हीच चूक केली. ग्रेगरी हे ठरवून करतो, कावेरीच्या घरचे न ठरवता. परिणाम मात्र तोच.

अज्जी निघताना चप्पल घालता घालता म्हणाल्या, "माझी एक वहिनी होती. तिलाही आम्ही सगळे असंच म्हणायचो." मग पुढे काही न बोलता गेल्या.

मराठीतलं उदाहरण

राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (1964) आठवतोय? जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट पुढे हिंदीत 'मेरा साया' (1966) म्हणून आला. वकील नवऱ्याच्या डोळ्यांदेखत बायको वारलेली. मग हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री आरोपी म्हणून समोर येते आणि म्हणते, "मीच तुमची बायको." ती संसारातल्या खाजगी गोष्टी सांगते, तरी नवरा मानत नाही आणि कोर्टात तिची उलटतपासणी होते. शेवटी कळतं, ती खरंच बोलत होती.

म्हणजे फसवणारा नवरा असो, हतबल नवरा असो किंवा दुःखात बुडालेला, बाईवर वेळ एकच येते. स्वतःच्याच डोळ्यांनी पाहिलेलं सिद्ध करण्याची!

पाहताना हे ओळखा

विसरणं माणसाचं काम आहे. भांडणात "मी असं बोललोच नाही" असं कुणीही म्हणतं. प्रत्येक वाद म्हणजे गॅसलायटिंग नव्हे. पण या गोष्टी वारंवार आणि एकत्र दिसल्या, तर थांबून विचार करा:

• चूक प्रत्येक वेळी एकाच माणसाची ठरते.
• त्याचं माहेर, मित्रमैत्रिणी, फोन हळूहळू तुटत जातात.
• चारचौघांत "तिचं मनावर घेऊ नका" असं सांगितलं जातं.
• ते माणूस साधी गोष्ट सांगतानाही आधी दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतं.

हे पुरुषांच्या वाट्यालाही येतं, वृद्ध आईवडिलांच्याही.

आपल्याकडे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात स्त्रीला होणारा शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानला आहे. अंगावर वळ नसले तरी तक्रार करता येते. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. मन मोकळं करायचं असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर 14416 कुणीही लावू शकतं.

तुम्ही काय करू शकता?

'गॅसलाइट'मध्ये रक्तपात जवळजवळ नाही, त्यामुळे मोठ्या मुलांसोबत बसून पाहता येईल. शेवटचा प्रसंग चुकवू नका. बांधलेला ग्रेगरी सुरी मागतो, तेव्हा पॉला त्याचंच हत्यार त्याच्यावर उलटवते: मी तर वेडी, मला सुरी कशी सापडणार?

आणि चित्रपट संपल्यावर आपल्या ओळखीतलं एक माणूस आठवा, ज्याचं बोलणं सगळे हसण्यावारी नेतात. बहीण असेल, जाऊ असेल, शेजारीण असेल. तिला फोन करा. सल्ला देऊ नका, निवाडा करू नका. आधी नुसतं ऐका. आणि तुम्हीही काही पाहिलं असेल, तर तेवढं एक वाक्य नक्की म्हणा: "हो, हे मलाही दिसलं."

अज्जींच्या वहिनीला हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. तुमच्या ओळखीतल्या 'तिला' म्हणायला अजून वेळ आहे.