पोर्ट्रेटसाठी प्राइम लेन्स: आधी खोली मोजा

आजचा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनातला: पोर्ट्रेटसाठी पहिली प्राइम लेन्स घ्यायची आहे, ३५, ५० की ८५ मिमी?

आधी माझी चूक सांगतो. मी पंचकुलात राहतो. आई गावाहून हिवाळ्यात आमच्याकडे आली होती. तिचा चांगला फोटो काढायचा म्हणून मी ८५ मिमी लेन्स घेतली. पिंजोरच्या मुघल बागेत, मोकळ्या जागेत, फोटो झकास आले. पण पुढच्या हिवाळ्यात आईचे गुडघे दुखू लागले, बाग राहून गेली. दहा बाय दहाच्या खोलीत ती पलंगावर बसलेली आणि मी भिंतीला पाठ लावून उभा. तरी ती कंबरेपासून वर फ्रेममध्ये मावेना!

असं का झालं? माझा कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा. त्यावर ५० मिमी लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ ते ८० मिमीसारखी दिसते आणि ८५ मिमी जवळपास १३० सारखी. कॅमेरा उभा धरून कंबरेपासून वरचा फोटो घ्यायला ८५ला सव्वातीन मीटर लागतात, ५०ला दोन, ३५ला साधारण दीड. माझी खोलीच तीन मीटरची!

मग सरळ ३५च घ्यावी का? थांबा. चेहरा बिघडवते ती लेन्स नव्हे, अंतर. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटीमीटर मागे असतात. तुम्ही ६० सेंटीमीटरवरून फोटो काढला, तर कानाच्या मानाने नाक २० टक्के मोठं दिसतं. दीड मीटरवरून हाच फरक ८ टक्क्यांवर येतो. म्हणून नियम सोपा: माणसापासून किमान सव्वा ते दीड मीटर लांब राहा आणि तिथून हवी ती फ्रेम देणारी लेन्स निवडा.

थोडक्यात, एपीएस-सी कॅमेऱ्यावर घरातल्या फोटोंसाठी ३५, चेहरा आणि खांद्यापर्यंतच्या फोटोंसाठी ५०, आणि बाग, अंगण, गच्ची अशी मोकळी जागा असेल तरच ८५. फुल फ्रेम असेल तर घरात ५० आणि चेहऱ्यासाठी ८५.

आता अपर्चर. बहुतेकांना एफ १.८ पुरेसं आहे. ५० मिमीने १.८वर चेहरा भरून फोटो घेतला, तर जेमतेम काही सेंटीमीटर भाग स्पष्ट येतो. म्हणजे डोळे स्पष्ट, कान धूसर. दोघांचा फोटो असेल तर एफ ४ वर जा. एफ १.४साठी जास्त पैसे मोजण्याआधी हे लक्षात ठेवा.

खरेदीपूर्वी एक प्रयोग करा. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ची किट लेन्स ३५वर ठेवा, झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर घरच्यांचे फोटो काढा. पुढचा आठवडा ५०वर. कुठे मागे सरकायला जागा कमी पडली, कुठे फार जवळ जावं लागलं, ते तुम्हालाच कळेल. या प्रयोगाला एक रुपयाही लागत नाही.

मी नंतर ३५ घेतली. पलंग खिडकीजवळ सरकवला, आईला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि दीड मीटरवरून फोटो काढला. तोच आज आमच्या भिंतीवर आहे. तुमच्या घरातलं जे माणूस आता फार फिरू शकत नाही, ते जिथे बसतं तिथून भिंतीपर्यंतचं अंतर आज मोजा. लेन्स त्यानंतर ठरवा.