डब्यावरचे ऊष्मांक

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी लागते. श्रीनृसिंहाच्या देवस्थानामुळे हे गाव मराठवाड्यात सर्वपरिचित आहे. अशा गावांत पूरक आहार आज दोन वाटांनी येतो. एक अंगणवाडीची, दुसरी दुकानाची. पहिल्या वाटेवर सरकारी शिक्का असतो, दुसऱ्या वाटेवर पिळदार दंडाचे चित्र. पाकिटात किंवा डब्यात नेमके काय आहे, हे मात्र दोन्ही ठिकाणी क्वचितच कोणी विचारतो.

वस्तुतः हिशेब अवघड नाही. एक ग्रॅम प्रथिनांपासून ४, एक ग्रॅम कर्बोदकांपासून ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांपासून ९ ऊष्मांक मिळतात. जीवनसत्त्वे व क्षार यांपासून ऊष्मांक मिळत नाहीत. त्यांचे कार्य निराळे. एवढे ध्यानी ठेवले की कोणत्याही डब्याची झडती घेता येते. दुधात घालावयाच्या गोड पुडीचेच उदाहरण घ्यावे. तिच्या २० ग्रॅमच्या मापात सुमारे ७५ ऊष्मांक आणि जेमतेम दोन ग्रॅम प्रथिने असतात. उरलेले बहुतांशी पीठ व साखर. पेलाभर दुधातून मात्र सहा ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. म्हणजे पोषण म्हशीचे आणि कीर्ती डब्याची! अन्नसुरक्षा कायद्यात ‘आरोग्यपेय’ अशी संज्ञाच नसल्यामुळे २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये त्या सदरातून काढावयास सांगितले, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे.

प्रथिनांच्या भुकटीची कथा अधिक गंभीर आहे, कारण तिचे गिऱ्हाईक गरीब आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारा शेतकऱ्याचा मुलगा घरच्यांकडून पैसे मागून हा डबा आणतो. ३० ग्रॅमच्या मापात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने व १२० ऊष्मांक असतात. प्रथिने आहेत, हे खरेच. परंतु पोटात पुरेसे ऊष्मांक नसतील तर शरीर त्याच प्रथिनांचे इंधन करते. सागवान आणून ते चुलीत घालण्यासारखाच हा व्यवहार आहे. साठ किलो वजनाच्या सामान्य प्रौढाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात; अंगमेहनत करणाऱ्याला काही अधिक लागतील. पोटभर भाकरी, वरण, उसळ व दूध मिळाले तर ही गरज बरीचशी ताटातच भागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आपल्या मार्गदर्शिकेत स्नायू कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळण्याचाच सल्ला दिला आहे.

हा वाद नवा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास जगभर ‘प्रथिनांच्या तुटी’चा मोठा गवगवा झाला होता. त्या वेळी सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी भारतातील तूट मूलतः एकूण अन्नाची आहे, नेहमीचे धान्य-डाळीचे जेवण पुरेसे मिळाले तर प्रथिनेही बहुधा पुरतात, असे आकडेवारीनिशी मांडले. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी तर माणशी दररोज २२५० ऊष्मांक हाच दारिद्र्य मोजण्याचा आधार मानला. सुखात्म्यांचा आणि दांडेकरांचा पुढे या मोजणीवरून कडाक्याचा वाद झाला, तो निराळा विषय. ऊष्मांकाचा प्रश्न अखेर खिशाशी जाऊन भिडतो, हे मात्र या पिढीने पक्के ओळखले होते.

अंगणवाडीकडे याच दृष्टीने पाहावे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकास दररोज ५०० ऊष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने द्यावीत, असे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचे प्रमाण होते. २०१७ मध्ये त्यासाठी दर बालकामागे दिवसाला ८ रुपये ठरविण्यात आले. आठ रुपयांत कागदावर पाचशे ऊष्मांक बसविण्याचा सर्वांत सोपा मार्ग साखर आणि तेल हाच असतो, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. म्हणून पाकिटावरचा ऊष्मांकांचा आकडा वाचताना शेजारचा साखरेचा आकडाही वाचावा.

तुलनेसाठी घरचाच हिशेब मांडून पाहावा. ४० ग्रॅम शेंगदाणे, ५० ग्रॅम फुटाणे आणि २५ ग्रॅम गूळ यांतून सुमारे ५०० ऊष्मांक व २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. (लहान मुलांना अर्थात त्यांचे कूट करूनच द्यावे.) शिवाय परभणीच्या कृषी विद्यापीठातून २०१८ मध्ये प्रसारित झालेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीत लोह व जस्त नेहमीच्या ज्वारीहून अधिक आहे. ही ज्वारी पोखर्णीच्या शिवारात पिकू शकते. दुकानातल्या डब्यावरचा तपशील मात्र इंग्रजीत किंवा हिंदीत छापला की कायद्याचे समाधान होते. मराठीची सक्ती नाही. ज्या आईने तो वाचावयाचा, तिच्या हाती राहते ते फक्त चित्र.