पेटीला पंखा का नसतो?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे होळी झाली की माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. उष्णतेवर आपल्याला ठाऊक असलेले उपाय दोनच, वारा आणि पाणी. पण आपल्याच गाडीत एक वस्तू अशी आहे, की ती तापते खूप आणि तिच्या पोटात मात्र ना वारा शिरू द्यायचा, ना पाणी. ती म्हणजे ईसीयू, इंजिनाचा कारभार पाहणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. मी खामगावात गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. उन्हाळ्यात या पेटीच्या जितक्या तक्रारी येतात, तितक्या एरवी येत नाहीत. म्हणून आज तिच्याविषयी बोलू.

इंजिनात इंधन किती आणि नेमके कोणत्या क्षणी सोडायचे, हे ही पेटी ठरवते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाले. तेव्हापासून नव्या मोटारसायकलींतही कार्बोरेटर जाऊन बहुतेक ठिकाणी ही पेटी आली. त्यामुळे हा विषय आता फक्त मोठ्या गाडीवाल्यांचा राहिलेला नाही.

पेटी दोन्हीकडून तापते. इंजेक्टर उघडायला ती विजेचे जोरदार झटके देते, त्यातली काही वीज आतच उष्णता होऊन राहते. चारचाकीत ही उष्णता साधारण दहा-वीस वॅट, म्हणजे झिरोच्या बल्बाएवढी. पण बल्ब खोलीत मोकळा लटकतो. पेटी मात्र बॅटरी, नळ्या आणि तारांच्या गर्दीत कोंबलेली असते.

बाहेरची उष्णता समजून घ्यायला राजूर घाट पुरेसा आहे. मे महिन्यात मलकापूरला पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो. तिथून मोताळ्यावरून बुलढाण्याला यायचे तर सुमारे ४०० मीटर उंची चढावी लागते. घाटात इंजिनावर ताण जास्त आणि वेग कमी, म्हणून समोरून येणारा वाराही कमी. वर पोचून गाडी बंद केली की तोही थांबतो, पंखाही थांबतो, पण तापलेले लोखंड थांबत नाही. पुढची दहा-पंधरा मिनिटे बॉनेटखालची हवा उलट आणखी तापते. म्हणूनच बॉनेटखाली बसणाऱ्या पेट्या साधारण १०५ अंश हवेत टिकतील अशा बनवतात.

मग पेटीला छोटा पंखा का लावत नाहीत? कारण पंखा वाऱ्याबरोबर आपल्या काळ्या मातीचा फुफाटाही आत ओढील. पावसाळ्यात तीच धूळ ओली होऊन तांब्याच्या बारीक रेषांवर बसेल. शिवाय पंखा फिरणारी वस्तू, कधीतरी बंद पडणारच. म्हणून पेटी पूर्ण बंद ठेवतात. अनेक पेट्यांना एक बारीक पडदा तेवढा असतो. तो हवा जाऊ-येऊ देतो, पाणी अडवतो.

तेव्हा उष्णतेला बाहेर पडायला वाट एकच, घन वस्तूंमधून. चिपमधून पट्टीत, पट्टीतून ॲल्युमिनियमच्या झाकणात, झाकणाच्या पंखांसारख्या कडांवरून हवेत, आणि काही गाड्यांत ब्रॅकेटमधून गाडीच्या पत्र्यात. विहिरीचे पाणी पाटाने वाफ्यात जाते तसेच हे आहे. मध्ये कुठे गाळ साचला, की पाणी मागे तुंबते.

या पाटातला सर्वांत वाईट गाळ म्हणजे हवा. एक चौरस सेंटिमीटरची चिप पाच वॅट उष्णता देते असे धरा. चिप आणि झाकण यांच्यात एक दशांश मिलिमीटर उष्णतावाहक लेप असेल, तर त्या थरापायी चिप सुमारे पाच अंशच जास्त तापते. तेवढ्याच जागेत नुसती हवा असेल, तर कागदावर हाच आकडा १९० अंश येतो. उष्णतेला दुसऱ्या वाटा असतात म्हणून प्रत्यक्षात तो इतका होत नाही, पण लेपाची किंमत यावरून कळावी. पेटी उघडून दुरुस्त करणाऱ्याने जुना लेप पुसून नवा भरला नाही, तर ती दुरुस्ती फार दिवस टिकत नाही.

जास्त तापली म्हणजे पेटी लगेच जळते असे नाही. तिचे आयुष्य कमी होते. आतल्या विशिष्ट प्रकारच्या कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मे होते. तापणे-निवणे चालूच राहते, तसे डाग दिलेल्या जोडांना बारीक भेगा पडतात. मग गाडी घाटात जोर सोडते आणि गॅरेजात येईतो थंड होऊन सुरळीत चालते. दोष सापडत नाही. त्याच गाडीत दवाखान्यात निघालेला पेशंट असेल, तर घाटातली ती वीस मिनिटे फार मोठी असतात.

माझ्याकडे आलेल्या अशाच एका गाडीला ‘पेटी बदला’ असे सांगितले गेले होते. पाहिले तर पेटी खडखडते म्हणून कुणीतरी तिला स्पंज गुंडाळून प्लास्टिकच्या पट्टीने बांधले होते. ब्रॅकेटचे दोन बोल्ट गायब. स्पंज काढला, कडांमधली माती झटकली, बोल्ट कसले. तो उन्हाळा गाडीने त्याच पेटीवर काढला. दर वेळी इतके स्वस्तात सुटत नाही, पण नव्या पेटीचे हजारो रुपये मोजण्याआधी एवढे बघायला काय हरकत आहे?

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. पेटीवर फडके, पिशवी, स्पंज ठेवू नका. तिच्या कडांमधली धूळ कोरड्या ब्रशने काढा. धुताना पाण्याचा जोराचा फवारा तिच्यावर आणि तिच्या जोडणीवर मारू देऊ नका. कामासाठी पेटी काढली, तर ती मूळ जागी, सगळ्या बोल्टांसह बसली की नाही ते स्वतः पाहा. इंजिनाखालचे गार्ड काढून टाकू नका. चिखल अडवण्याबरोबर वाऱ्याला दिशा देण्याचे कामही ते करते.

आणि गॅरेजवाल्या मित्रांना एक विनंती. उन्हाळ्यातली तक्रार गाडी गरम असतानाच तपासा. सकाळच्या गारव्यात स्कॅनर लावून ‘काही दोष नाही’ म्हणणे सोपे आहे, पण गिऱ्हाइकाला घाट दुपारीच चढायचा असतो.