माणसं अडवली, गोण्या सुटल्या

फणसवाडीतून भुलेश्वर मागे टाकत पूर्वेला चालत गेलं, की मांडवी लागते. एका अंगाला धान्याची वखार, दुसऱ्या अंगाला बंदर. सप्टेंबर १८९६ मध्ये याच मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं. गोदामांत उंदीर पटापट मरत होते, पण सरकारला काळजी होती ती जहाजांची. मुंबई ‘प्लेगचं बंदर’ ठरलं तर कापूस आणि धान्य घेणार कोण?

म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी ऑक्टोबरात फर्मान काढलं: रोगी सापडला की त्याला सक्तीनं इस्पितळात न्यायचं. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, असा लोकांचा समज. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, आणि दुसऱ्याच दिवशी फर्मान सैल झालं. दयेपोटी नव्हे. शहर झाडणारे हलालखोरही पळून गेले तर काय, ही धास्ती होती.

लोक तरीही पळालेच. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत साधारण साडेआठ लाखांच्या शहरातून जवळपास निम्मी वस्ती बाहेर पडली. कामगार मिळेनात म्हणून गिरणीवाले नाक्यानाक्यावर बोली लावून माणसं नेऊ लागले. महिन्याचा पगार थकवून ठेवणारे मालक रोजच्या रोज रोख मजुरी मोजू लागले.

सैल झालेला हात पुन्हा आवळला तो बाहेरच्या दबावामुळे. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. हिंदुस्थानचा माल आणि प्रवासी रोखू पाहणाऱ्या युरोपीय देशांना, आम्ही कडक बंदोबस्त करतो आहोत, हे दाखवणं इंग्रजांना भाग होतं. परिषदेच्या तोंडावरच, ४ फेब्रुवारीला, साथरोग कायदा आला. तो जेमतेम चार कलमांचा होता, पण प्रवाशांची तपासणी करण्याचे, जहाजं अडवण्याचे आणि माणसांना वेगळं ठेवण्याचे अधिकार त्यात होते. सद्हेतूनं वागणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावायची सोय मात्र नव्हती. (२०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा महाराष्ट्रानं हाच कायदा पुन्हा बाहेर काढला.) मुंबईतून हजला जाणाऱ्या जहाजांवर बंदी आली. मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या प्लेग कमिटीकडे कारभार गेला आणि घरोघरची झडती सुरू झाली. एका रुग्ण मुलीला नेण्यावरून ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात दंगल उसळली, तेव्हा सरकारनं पुन्हा नमतं घेतलं.

खरी चूक मात्र वेगळीच होती. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे संशोधक पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं. बहुतेकांनी ते हसण्यावारी नेलं. पुढे १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, ते नीट सिद्ध झालं. तोवर स्टेशनांवर प्रवाशांच्या काखा-जांघा चाचपल्या जात होत्या. धान्याच्या गोणीतून उंदीर-पिसवा दूर जाऊ शकतात, याचा मात्र फारसा कुणी विचार केला नाही.

प्लेगवरचा उपाय म्हणून मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं कर्जरोखे काढून पैसा उभा केला आणि दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते काढले. हवा खेळती राहावी हा हेतू, आणि बंदराकडे जाणं-येणंही सोपं झालं. मात्र सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टनं जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या नाहीत. घर गेलेल्यांपैकी बरेच जण जवळपासच्या, आधीच भरलेल्या चाळींतच शिरले.