नवागतांचा सप्टेंबर

अमेरिकेतील विद्यापीठांत जन्मलेल्या 'यूजनेट' या संगणकजालावर दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी दाखल होत. जुनी मंडळी प्रथम चारदोन टोमणे मारीत, मग रीतभात शिकवीत. यथावकाश नवखे रुळत. १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी कंपन्यांनी आपल्या घरगुती ग्राहकांना तेथे प्रवेश दिला आणि हा ओघ थांबेनासा झाला. त्या काळाला जुन्यांनी 'न संपणारा सप्टेंबर' असे कुत्सित नाव ठेवले. शिकवणारे थोडे आणि शिकणारे अपार, ही खरी अडचण. खापर मात्र शिकणाऱ्यांच्या माथी फुटले.

समोरासमोरच्या उपरोधाची धार डोळ्यांतल्या हसण्याने बोथट होते. (आपल्या कट्ट्यांवरच्या फिरक्या याच भरवशावर चालतात.) पडद्यावरच्या अक्षरांना चेहरा नसतो, तेथे 'आधी वाचून तरी या' हे साधे वाक्यही थोबाडीत बसल्यासारखे लागते. २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाला तर नवागतांना चावू नये, असे लेखी बजावून ठेवावे लागले. मराठी विकिपीडियावर लिहिणारे हात मुळातच थोडे. पहिल्याच चुकीला टोमणा खाऊन तेथून उठून गेलेला एखादा शिक्षक पुन्हा कशाला फिरकेल?