कागदावरील खिडकी आणि तिचें प्रमाण

घराचा नकाशा काढणाऱ्याच्या मेजावर आतां टी-स्क्वेअर क्वचितच दिसतो. प्रमाणाचा प्रश्न मात्र संगणकानेंहि सुटलेला नाहीं.

ऑटोकॅडमध्यें घर आंखतात तें पूर्ण मापानें. २३० मिलिमीटरची भिंत तेथें २३० मिलिमीटरचीच असते. ही झाली ‘मॉडेल’ची जागा. कागदाची जागा, म्हणजे ‘लेआउट’, निराळी. १९९० सालच्या अकराव्या आवृत्तीपासून ती मिळूं लागली. या कागदाला खिडक्या पाडावयाच्या आणि त्यांतून आंतलें घर पाहावयाचें. त्यांसच व्ह्यूपोर्ट म्हणतात. प्रत्येक खिडकीचें प्रमाण स्वतंत्र असूं शकतें: सबंध घर १:१०० प्रमाणांत, जिना १:२० प्रमाणांत. पहिलींत आपली भिंत २.३ मिलिमीटर भरेल, दुसरींत ११.५.

घर मिलिमीटरांत आंखलें असेल तर १:१०० साठीं ‘झूम’ या आज्ञेस १/१००एक्सपी असें सांगावें. मीटरांत असेल तर १०एक्सपी, कारण कागद मिलिमीटरांतच मोजतो आणि त्यावर एक मीटर दहा मिलिमीटरांचा होतो. शाळेंत प्रमाणाचीं उदाहरणें टाळणाऱ्यांस तीं येथें पुन्हा भेटतात!

खरा धोका पुढेंच आहे. खिडकीच्या आंत असतांना माउसचें चाक किंचित् फिरलें कीं १:१०० चें १:१०३ होतें. डोळ्यांस तें कळत नाहीं. तळाशीं १:१०० हेंच छापलें जातें. गवंड्यानें त्यावर पट्टी लावली तर चार मीटरांची खोली सुमारें १२ सेंटिमीटर आंखूड भरते. यास्तव प्रमाण बसतांच खिडकीस कुलूप घालावें. तशी सोय आहे. मात्र छापतांना ‘कागदांत बसवा’ हा पर्याय निवडला, तर कुलूपहि व्यर्थ जातें. लेआउट १:१ नेंच छापावयास हवा.