नव्याचे नऊ दिवस आणि नदीचे पाणी

पावसाळ्यात मधुबन धरणाचे दरवाजे उघडले, म्हणजे दमणगंगेच्या काठावरील माणसाला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: पाणी किती येणार आणि केव्हा येणार? ऑगस्ट २००४ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना घटकाभराच्या उशिराची किंमत सांगावी लागत नाही. नाशिक जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी हवेलीतून आणि वापीवरून दमणला समुद्रास मिळते. तिच्या पातळीचे अंदाज केंद्रीय जल आयोग देतोच. तथापि मोबाईल हाती असलेल्या नागरिकाने, पातळी बदलताच पडद्यावरील आकडाही आपोआप बदलावा, अशी अपेक्षा केली, तर ती अवाजवी कशी म्हणावी? सिल्वाशानजीकच्या सायलीत २०२३ साली वैद्यकीय महाविद्यालयाच्या संकुलाचे उद्घाटन झाले. उद्या तेथील रुग्णाचे नातलग रिकाम्या खाटांची क्षणाक्षणाची माहिती मागतील आणि तेही रास्तच ठरेल.

प्रश्न आहे तो ही सोय कोणत्या पायावर उभारावी याचा. जुनी वेबपाने टपालासारखी होती; आपण विचारावे तेव्हाच उत्तर यावयाचे. २०११ साली वेबसॉकेटची पद्धत प्रमाणित झाली आणि टेलिफोनसारखी तार दोन्ही टोकांना सतत जोडलेली ठेवणे सुलभ झाले. अशा कामांसाठी जे तयार सांगाडे मिळतात, त्यांना संगणकाच्या व्यवसायात फ्रेमवर्क म्हणतात. त्यांतले अनेक मुक्तस्रोत आहेत. म्हणजे त्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येते.

त्यांपैकी मीटिऑरचा इतिहास बोधप्रद आहे. २०१२ साली त्याचा केवढा गाजावाजा झाला! त्याच वर्षी गुंतवणूकदारांनी त्यामागील कंपनीत एक कोटी बारा लाख डॉलर ओतले. पुढे कंपनीचे लक्ष दुसऱ्याच उत्पादनाकडे वळले आणि २०१९ साली मीटिऑर एका कॅनेडियन कंपनीस विकले गेले. ज्या तंत्रावर ते उभे होते तेच कालबाह्य झाल्यामुळे २०२४ च्या तिसऱ्या आवृत्तीत पायाच बदलावा लागला आणि वापरणाऱ्यांना आपली संहिता पुन्हा तपासावी लागली. संहिता मुक्त होती म्हणून ते जगले, हेही तितकेच खरे.

आज नव्यांमध्ये नाव घेतले जाते ते फिनिक्स आणि त्याच्या लाइव्हव्ह्यूचे. फिनिक्सची पहिली पक्की आवृत्ती २०१५ ची, लाइव्हव्ह्यूची डिसेंबर २०२४ ची. मात्र खालचा पाया जुना आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकात टेलिफोन केंद्रांसाठी अर्लांग ही भाषा घडली, तिच्याच यंत्रणेवर फिनिक्स चालते. एक दुवा तुटला तरी बाकीचे चालू राहावेत, हा त्या यंत्रणेचा स्वभाव आहे. २०१५ च्या एका चाचणीत फिनिक्सने एकाच सर्व्हरवर वीस लाख जोडण्या सांभाळून दाखविल्या.

मग घोडे अडते कोठे? पहिली अडचण संपर्काची. लाइव्हव्ह्यूचे पान सर्व्हरशी जोडलेले असेल तोवरच जिवंत. डोंगराळ भागात जोडणी तुटली की जुनाच आकडा पडद्यावर राहावयाचा आणि तो ताजा समजला जावयाचा. पुराच्या रात्री असा शिळा आकडा घातकच होय. दुसरी अडचण माणसांची. त्यासाठी लागणारी एलिक्सर भाषा जाणणारे आपल्याकडे थोडे. पायथन आणि जावास्क्रिप्ट जाणणारे पुष्कळ. मुंबईत घडलेले फ्रॅपे हे मुक्तस्रोत फ्रेमवर्क याच दोन भाषांवर उभे आहे. क्षणोक्षणीच्या प्रक्षेपणासाठीच ते घडविलेले नाही, पण त्यात काही बिघडले तर दुरुस्त करणारा हात जवळ सापडण्याचा संभव अधिक, हा गुण लहान नव्हे.

आमचे मत असे की, वेगाच्या आकड्यांवर भाळून निवड करू नये. फिनिक्सला आमचा विरोध नाही. त्याचा पाया भक्कम आहे आणि एखाद्या लहान कामावर एक पावसाळाभर त्याची परीक्षा अवश्य घ्यावी. परंतु तीन अटी सोडू नयेत. प्रत्येक आकड्यासोबत तो केव्हाचा, ही वेळ ठळक दिसली पाहिजे. पान बंद पडले तरी भोंगा आणि मोबाईलवरील साधा संदेश चालू राहिला पाहिजे. आणि संहिता ठेकेदाराच्या कुलुपात न राहता प्रशासनाच्या हाती असली पाहिजे. हवेलीतील कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातील मुलांना ती शिकविली, तर राखणदार घरचेच मिळतील. मुक्तस्रोत संहिता फुकट मिळते, तिची देखभाल फुकट होत नाही. नव्याचे नऊ दिवस सरतात. नदी मात्र दरवर्षी येते.